शिरोलीची यंत्रशाळा आणि कामगाराचा फावला वेळ

कोल्हापूर शहर मागे टाकून पुणे-बंगळूर महामार्गाने पंचगंगेचा पूल ओलांडला की पुलाची शिरोली हे गाव लागते. हातकणंगले तालुक्यातील या गावाच्या शिवारात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी आहे. महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. पण कोल्हापूरचा यंत्रोद्योग त्याहून जुना आहे. उसाची गुऱ्हाळे, विहिरीवरील ऑइल इंजिने आणि त्यांचे सुटे भाग यांच्या दुरुस्तीतून तो वाढला. शिवाजी उद्यमनगरातील जागा अपुरी पडू लागली तसा तो शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले अशा वसाहतींत पसरला. आज कोल्हापूर परिसरात सुमारे तीनशे फाउंड्र्या आहेत. मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह यांना लागणारी कास्टिंग येथे ओतली जातात आणि शेजारच्या यंत्रशाळांत लेथवर व मिलिंग यंत्रावर त्यांना अचूक माप दिले जाते.

या उद्योगाविषयी लिहिताना किती टन माल निघाला, किती निर्यात झाली, किती हातांना काम मिळाले, याची माहिती नेहमी दिली जाते व ती दिली पाहिजेच. परंतु हे काम करणाऱ्या माणसाजवळ दिवसाच्या अखेरीस त्याचा स्वतःचा असा किती वेळ उरतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. तांत्रिक काम अधिक कसोशीने आणि कमी वेळात कसे करता येते, त्यातून वाचलेला वेळ कामगाराच्या पदरी कसा पडतो आणि बहुधा का पडत नाही, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आरंभीच एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठीत आपण ‘फावला वेळ’ म्हणतो. फावणे म्हणजे साधणे, अनुकूल होणे. चोरांचे फावले असे आपण म्हणतो तेव्हा त्यांना संधी साधली, असाच अर्थ असतो. त्या न्यायाने फावला वेळ हा आपोआप उरणारा वेळ नसून साधून घेतलेला वेळ होय. त्याच्या शेजारचा ‘रिकामा वेळ’ हा शब्द मात्र निराळ्या जातीचा आहे. यंत्र चालू असताना त्याच्यासमोर उभा राहून जॉब संपण्याची वाट पाहणारा ऑपरेटर क्षणभर रिकामा असतो. त्याला फावलेले मात्र काहीच नसते. त्या चार-पाच मिनिटांत त्याला घरी जाता येत नाही, बसता येत नाही, मनही दुसरीकडे नेता येत नाही. कलाशाखेत शिकलेल्या माणसाने शब्दांचा कीस काढावा हे स्वाभाविक आहे. परंतु हा भेद पुढील विवेचनात उपयोगी पडणार आहे.

शिरोलीतील कामगाराच्या बाबतीत या वेळेला विशेष महत्त्व आहे, कारण त्यांतील अनेक जण आसपासच्या खेड्यांतून येतात आणि त्यांचे एक पाऊल शेतात असते. पहाटे म्हशीची धार काढून दूध संस्थेत घालावयाचे, पाळी संपली की उसाला पाणी फिरवावयाचे, वैरण आणावयाची. दूध संस्थेची वेळ आणि पाण्याची पाळी कारखान्याच्या भोंग्याची वाट पाहत नाही. अशा माणसाला सायंकाळी अर्धा तास लवकर सुटका मिळणे म्हणजे शहरी नोकरदाराला अर्धा तास लवकर घरी जाणे नव्हे. त्या अर्ध्या तासावर घरातील बाईच्या डोक्यावरचा एक भारा कमी होणे अवलंबून असते. हा भाग उद्योगविषयक अहवालांत कोठेच दिसत नाही.

यंत्र थांबते तेव्हा

यंत्रशाळेत वेळ कोठे जातो? बाहेरच्या माणसाची समजूत अशी असते की वेळ धातू कापण्यात जातो आणि म्हणून यंत्र वेगाने फिरवले की काम लवकर होईल. प्रत्यक्षात कापण्याचा वेळ बऱ्याच अंशी धातूच्या आणि हत्याराच्या गुणधर्माने ठरलेला असतो. वेग मर्यादेबाहेर वाढवला तर इन्सर्टची धार जाते, माप बिघडते आणि जॉब भंगारात जातो. लक्ष द्यावयाचे ते यंत्र थांबलेले असते त्या वेळाकडे.

शिरोलीसारख्या वसाहतीत पुष्कळसे काम जॉबवर्कचे असते. एकाच लेथवर सकाळी एका कंपनीचे फ्लँज तर दुपारी दुसऱ्या कंपनीच्या पुल्या. एक जॉब संपवून दुसरा लावण्याला कारखान्यात ‘सेटिंग’ म्हणतात. संगणकनियंत्रित लेथचे उदाहरण घ्या. जुना जॉब उतरवायचा, चकाचे जॉ, म्हणजे जॉब पकडणारे जबडे, बदलायचे, ते नव्या व्यासाला नेमके बसावेत म्हणून तेथल्या तेथे बोअर करून घ्यायचे, टरेटमध्ये नवी हत्यारे बसवायची, प्रोग्रॅम लावायचा, ऑफसेट घालायचे, पहिला नग काढून तो तपासनिसाकडे न्यायचा आणि तो पसंत झाला की काम सुरू. हे सर्व होईपर्यंत यंत्र मुके उभे असते. जबडे कोणत्या खणात आहेत, गेज कोणाच्या टेबलावर राहिले, ड्रॉइंग ऑफिसातून आले का, कच्चे कास्टिंग क्रेनजवळ आहे की गेटजवळ, याचा शोधही याच वेळात चालतो.

हा प्रश्न जगात प्रथम नीट सोडवला तो जपानी अभियंता शिगेओ शिंगो याने. १९५० साली हिरोशिमा येथील तोयो कोग्यो या मोटार कारखान्यात तो एका ८०० टनी प्रेसवरील साचा बदलताना पाहत होता. कामगाराला एक बोल्ट सापडेना. तो धावत निघून गेला आणि तासाभराने परत आला. दुसऱ्या साच्याचा लांब बोल्ट आणून, कापून, त्याला आटे पाडून त्याने वेळ मारून नेली होती. त्या कामगाराला कोणीही आळशी म्हटले नसते. त्या दिवशी सर्वांत जास्त धावपळ त्यानेच केली होती. त्या तासाभरात प्रेस मात्र थांबलेला होता. शिंगोने यातून एक साधा नियम काढला. साचा बदलण्याच्या कामाचे दोन भाग असतात. काही कामे यंत्र थांबल्याशिवाय करताच येत नाहीत, तर काही यंत्र चालू असतानाच करता येतात. दोन्हींची सरमिसळ होते म्हणून वेळ जातो.

पुढे १९६९ साली टोयोटा कंपनीत १,००० टनी प्रेसचा साचा बदलण्यास चार तास लागत होते. जर्मनीच्या फोक्सवॅगन कारखान्यात तेच काम दोन तासांत होते, हे पाहून टोयोटाच्या व्यवस्थापनाने सुधारणेचा आग्रह धरला. सहा महिन्यांच्या प्रयत्नांनी चार तासांचे दीड तास झाले. तेव्हा व्यवस्थापनाने वेळ तीन मिनिटांवर आणण्यास सांगितले. ऐकताना ही मागणी वेडगळ वाटते. परंतु आणखी तीन महिन्यांत तीही पुरी झाली. यासाठी नवा प्रेस विकत घेतला गेला नव्हता. यंत्र थांबल्यावर केली जाणारी कामे एकेक करून आधी उरकून घेण्याची युक्ती तेवढी साधली होती.

यातील एक बारीक निरीक्षण आपल्या यंत्रशाळांनी विशेष ध्यानात घ्यावे असे आहे. बोल्ट आवळताना पाना वीस वेळा फिरवला तरी पकड बसते ती शेवटच्या फेऱ्याला. आधीचे फेरे केवळ तेथवर पोहोचण्यासाठी असतात. म्हणून भोक नासपतीच्या आकाराचे करावे, म्हणजे बोल्टचे डोके रुंद बाजूने आत जाते आणि झाकण थोडे फिरवून एका फेऱ्यात घट्ट होते. किंवा एका बाजूने कापलेला वॉशर वापरावा, म्हणजे नट पूर्ण न काढता वॉशर बाजूने सरकवता येतो. असे वॉशर शिरोलीतील कोणताही फिटर टाकाऊ पट्टीतून जेवणाच्या सुट्टीपूर्वी तयार करील.

आता हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी मानलेले आहेत. एका लेथवर दिवसातून दोन वेळा सेटिंग होते आणि दर वेळी यंत्र ५० मिनिटे थांबते असे धरू. त्या ५० मिनिटांपैकी ३० मिनिटे शोधाशोध, ने-आण आणि वाट पाहणे यांत जात असतील आणि ती कामे पहिला जॉब चालू असतानाच करून घेतली, तर दिवसाला ६० मिनिटे वाचतात. महिन्याचे २६ दिवस धरले तर एका यंत्रामागे २६ तास होतात. तीन पाळ्या भरून दोन तास उरतात.

यासाठी करावयाच्या गोष्टी अगदी घरगुती आहेत. प्रत्येक जॉबचे जबडे क्रमांक घालून एकाच मांडणीवर ठेवावेत. त्या जॉबची हत्यारे, गेज, ड्रॉइंग आणि लागणारे पाने एका ट्रेमध्ये लावून तो ट्रे जॉब बदलण्यापूर्वी यंत्राशेजारी आणून ठेवावा. हत्याराची लांबी यंत्राबाहेरच मोजून लिहून ठेवावी. तपासनिसाला पहिला नग अमुक वाजता येणार अशी वर्दी द्यावी. स्वयंपाकघरात पोळ्या लाटण्यापूर्वी कणीक, पिठी, उलथणे आणि तूप हाताशी घेऊन बसणाऱ्या गृहिणीला हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही; कारखान्यात मात्र ते लिहून टांगावे लागते.

फाउंड्रीतील वेळ

फाउंड्रीत वेळेचा प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तेथे वितळलेले लोखंड थांबत नाही. इंडक्शन भट्टीत रस तयार झाला आणि मोल्ड तयार नसले तर तो गरम ठेवण्यात वीज जळत राहते. उलट मोल्ड तयार आणि रस नाही, तर मोल्डिंगवाले हात बांधून उभे. कोल्हापुरातील अनेक भट्ट्या वर्षानुवर्षे रात्री लागत आल्या, कारण रात्रीच्या विजेला दरात सवलत असे. त्यामुळे येथील ओतकामगाराची झोप वीजदराच्या तक्त्याने ठरवली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

येथेही तोच नियम लागू पडतो. भट्टीत टाकावयाचे भंगार, पिग आयर्न आणि मिश्रधातू आधीच वजन करून डब्यांत भरून ठेवले असतील तर भट्टीचे झाकण वारंवार उघडे राहत नाही. लेडल आधी तापवून ठेवलेली असेल तर रसाचे तापमान उतरत नाही आणि पुन्हा भट्टीत ओतण्याची पाळी येत नाही. कोअर आदल्या पाळीत मोजून ठेवले असतील तर ऐनवेळी एका कोअरसाठी सारी रांग थांबत नाही. नमुना तपासून रसायनप्रमाण कळेपर्यंतचा वेळ मात्र सोसावाच लागतो. तेथे घाई चालत नाही.

या ठिकाणी एक इशारा दिला पाहिजे. वेळ वाचवण्याच्या नावाखाली ज्या गोष्टी पहिल्यांदा गळतात त्या म्हणजे गॉगल, हातमोजे, यंत्राचे संरक्षक झाकण आणि भंगार कोरडे आहे की नाही याची पाहणी. ओले भंगार वितळलेल्या लोखंडात पडले की पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि रस भट्टीबाहेर उसळतो. पावसाळ्यात उघड्यावर पडलेले भंगार न तपासता टाकून वाचवलेली दहा मिनिटे कोणाच्या तरी कातडीवर वसूल होतात. फिरत्या चकावरील फीत हाताने ओढणे, यंत्र पूर्ण थांबण्यापूर्वी माप घेणे, हे त्याच जातीचे प्रकार आहेत. त्यांना कार्यक्षमता हे नाव देऊ नये.

वाचलेला तास कोणाचा?

येथवरचे विवेचन कोणत्याही अभियांत्रिकी नियतकालिकात मिळेल. खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. वर काढलेले महिन्याचे २६ तास कोणाच्या खात्यावर जमा होतात?

बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते. वाचलेल्या वेळात आणखी नग निघतात आणि पुढच्या महिन्यापासून तेवढे नग हेच अपेक्षित काम होऊन बसते. अनुभवी कामगाराला हे पक्के ठाऊक असते. म्हणून ज्याला ५० मिनिटांचे सेटिंग २० मिनिटांत येते तो ते ४५ मिनिटांत करतो. आपली युक्ती तो शेजारच्या ऑपरेटरलाही सांगत नाही. वरवर पाहणाऱ्याला यात कामचुकारपणा दिसतो. वस्तुतः हे आपल्या कौशल्याचे संरक्षण आहे. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावरील आपल्या ग्रंथात या मुद्दाम रेंगाळण्याची चर्चा केली आहे. कामगाराने जास्त नग काढले की मालक नगामागील दर उतरवतो, हा अनुभव त्यामागे असतो, हे त्यानेही ओळखले होते. टेलरचा उपाय म्हणजे घड्याळ हाती घेऊन प्रत्येक हालचाल मोजावयाची आणि कामाची पद्धत वरून ठरवून द्यावयाची. त्याच वर्षी वॉटरटाउन येथील अमेरिकी सरकारच्या शस्त्रागारात फाउंड्रीतील मोल्डरांच्या कामाला असे घड्याळ लावताच त्यांनी काम बंद केले. पुढे १९१५ पासून अमेरिकी संसदेने लष्करी खर्चाच्या मंजुरीत अशा मोजणीवर निर्बंध घातले. मोल्ड भरणाऱ्या माणसाचा राग घड्याळावर नव्हता. घड्याळाने दाखवलेली मिनिटे कोण घेणार, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने जादा कामाला दुप्पट दराने वेतन ठरवून दिले. हेतू असा की मालकाने जादा काम सहसा सांगू नये. परंतु मूळ वेतन तोकडे असेल तर कामगारच जादा कामाची वाट पाहू लागतो. मुलीचे लग्न, घराचा स्लॅब, मोटारसायकलचा हप्ता, यांचा हिशेब ओव्हरटाइमवर बसवलेला असतो. अशा माणसाला ‘काम लवकर उरका आणि घरी जा’ असे सांगणे म्हणजे त्याची मिळकत कमी करणे होय. त्याने मान डोलवून जुन्याच गतीने काम चालू ठेवले तर त्याला दोष देता येणार नाही. उत्पन्न सुरक्षित केल्याविना फावल्या वेळेची भाषा करण्याचा अधिकार कोणालाच नाही, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्रात फावल्या वेळेची मागणी नवी नाही. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून मागण्यांचे निवेदन तयार केले, त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि कामाच्या वेळेला सकाळ-संध्याकाळची हद्द, अशा त्या मागण्या होत्या. सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. रविवार हा आज आपल्याला पंचांगाइतका जुना वाटतो. कामगारांपुरता तरी तो असा मागून, सह्या गोळा करून मिळवलेला आहे. त्यानंतर १९४६ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर केंद्र सरकारात मजूर खात्याचे सदस्य असताना, कारखाने कायद्यातील दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. या दोन्ही प्रसंगी यंत्रे सुधारली म्हणून वेळ मोकळा झाला असे घडले नाही. तो कोणाचा, हे आधी ठरवावे लागले.

ठरवल्यास काय घडू शकते याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथे केलॉग कंपनीचा धान्याच्या न्याहारीचा कारखाना होता. १ डिसेंबर १९३० पासून तेथे आठ तासांच्या तीन पाळ्यांऐवजी सहा तासांच्या चार पाळ्या सुरू झाल्या. मंदीच्या काळात अधिक लोकांना काम मिळावे हा उद्देश होता. ताशी वेतनही वाढवण्यात आले. मोकळे झालेले दोन तास लोकांनी बागकाम, घरकाम आणि शेजारपाजार यांत घालवले. दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेकांनी जास्त वेतनासाठी पुन्हा आठ तास पत्करले, तरी काही विभागांत, विशेषतः स्त्री कामगारांत, सहा तासांची पाळी टिकून राहिली. ती १९८५ साली बंद झाली. आठ तासांकडे परतणाऱ्यांना आपण हसू नये. त्यांच्याही घरी हप्ते होतेच.

शिरोलीच्या यंत्रशाळेला सहा तासांची पाळी लगेच परवडेल असे कोणी म्हणणार नाही. मोठ्या कंपन्यांचे दर आणि मुदती त्यांच्या हाती नसतात. परंतु लहान प्रमाणावर करार करता येण्यासारखा आहे. सुधारणा सुरू करण्यापूर्वीच मालक आणि कामगार यांनी वाचलेल्या वेळेची वाटणी कागदावर लिहून काढावी. समजा, निम्मा वेळ उत्पादनाला आणि निम्मा कामगाराला. वरच्या उदाहरणातील २६ तासांपैकी १३ तास कामगाराकडे आले तर महिन्यातून तीन वेळा त्याला पाळी अर्ध्यावर, चार तास आधी, सोडता येईल आणि तासभर शिल्लक राहील. वेतनात काटछाट नाही आणि नगाचा दर ठरलेल्या मुदतीपर्यंत उतरवायचा नाही, ही दोन कलमे त्यात असलीच पाहिजेत. रोज अर्धा तास द्यावा की साठवून अर्धा दिवस द्यावा, हे कामगाराला विचारावे. रोजच्या अर्ध्या तासात वैरण येते; अर्ध्या दिवसात तालुक्याच्या कचेरीतील उतारा मिळतो, वडिलांना दवाखान्यात नेता येते. मला दुसरी पद्धत अधिक उपयोगाची वाटते. पण ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत तो कदाचित पहिली पसंत करील.

यात मालकाचा तोटा आहे असेही समजू नये. वाटणी ठरलेली असली की लपवलेल्या युक्त्या बाहेर येतात. कोणते जबडे नेहमी हरवतात, कोणत्या गेजसाठी दोन यंत्रे थांबतात, कोणते फिक्स्चर मुळातच चुकीचे बनले आहे, हे यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाइतके कोणत्याही सल्लागाराला माहीत नसते.

मालक हाच कामगार असेल तेव्हा

वसाहतीत असेही पुष्कळ कारखाने आहेत जेथे मालक हाच मुख्य कारागीर असतो. टर्नर म्हणून नोकरी केली, जुना लेथ घेतला, मग बँकेच्या कर्जाने नवे यंत्र आणले, असा हा प्रवास. अशा माणसाला वेळेची वाटणी कोणाशी करावयाची हा प्रश्नच नसतो आणि तरीही सर्वांत कमी फावला वेळ त्याच्याच वाट्याला येतो. दिवसा यंत्र, सायंकाळी मालाचे बिल, रात्री फोनवर मुदतीची बोलणी. त्याला कार्यक्षमतेचे धडे देण्यात अर्थ नाही. यंत्रावर त्याचा हात कोणापेक्षाही वेगवान असतो. त्याचा वेळ जातो तो यंत्राबाहेर. माल नेणारी गाडी वेळेवर न येणे, कामाच्या मध्येच तातडीचा दुसरा जॉब घुसवला जाणे, पैसे वसूल करण्यासाठी पाच खेपा घालणे, यांत तो खर्ची पडतो. संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर नवा जॉब स्वीकारायचा नाही, हा एक नियम पाळला तरी पुष्कळ साधते. एकट्याने पाळला तर गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाते. गाळ्यांच्या एका रांगेने मिळून पाळला तर टिकतो. शिरोलीत कारखानदारांची ‘स्मॅक’ ही संघटना आहे. वीज, रस्ते, कर या विषयांबरोबर हाही विषय अशा संघटनेच्या बैठकीत येण्यास हरकत नसावी.

शाळा, प्रशिक्षण संस्था आणि ग्रामपंचायत

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना या बाबतीत पुष्कळ करता येण्यासारखे आहे. मुलाला आपण यंत्र चालवण्यास शिकवतो, माप घेण्यास शिकवतो. यंत्र थांबले असताना काय करावे हे मात्र तो कारखान्यात गेल्यावर पाहून शिकतो आणि तेथे जे पाहतो तेच खरे मानतो. दोन विद्यार्थ्यांना एकच जॉब बदलण्यास द्यावा, बाकीच्यांनी प्रत्येक हालचाल कागदावर टिपावी आणि त्यांतील कोणती कामे यंत्र चालू असताना झाली असती यावर चर्चा करावी, एवढा प्रयोग एका तासिकेत होतो. वाचलेल्या वेळेचे काय व्हावे, हा प्रश्नही त्याच तासिकेत मुलांसमोर ठेवावा. उद्या त्यांतील काही कामगार होतील आणि काही मालक.

फावला वेळ मिळाला तर माणूस तो पत्त्यांत आणि टपरीवर घालवील, अशी शंका काही सद्गृहस्थ बोलून दाखवतात. घालवीलही. स्वतःच्या वेळेवर माणसाचा हक्क असतो, मग तो तालमीत जावो, भजनात बसो की नुसता पारावर. परंतु ज्याला शिकावयाचे आहे त्याच्यासाठी सोय असली पाहिजे. यंत्रशाळा आणि वाचन यांचे नाते आपल्याकडे फार जवळचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात वसवलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे छोटे पत्र निघाले आणि त्यातूनच मराठीतील एक अग्रगण्य मासिक उभे राहिले. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तेथे प्रवेश घेणे अवघड नाही. पाळी करून आल्यावर पुस्तक उघडण्याइतका जीव शिल्लक ठेवणे अवघड आहे.

गावाची वेळापत्रके अजूनही शेताच्या आणि शाळेच्या घड्याळावर चालतात. सकाळच्या पाळीचा माणूस दुपारी तीनच्या सुमारास सुटतो आणि रात्रपाळीचा सकाळी. त्या वेळी वाचनालयाला कुलूप असेल, ग्रामसेवक बाहेर गेलेले असतील आणि आरोग्य केंद्राची तपासणी आटोपलेली असेल, तर कारखान्याने मोकळा केलेला तास गावात येऊन वाया जातो. ग्रामसभेची वेळही अशीच. पाळीत अडकलेला माणूस ग्रामसभेला येत नाही आणि मग त्याला गावाच्या कामात रस नाही असे ठरवले जाते. पाळ्यांचे वेळापत्रक वसाहतीतून मागवून घ्यावे, ते ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे आणि वाचनालयाचे दोन तास त्याप्रमाणे हलवावेत. यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही. ग्रंथपालाला मात्र आधी विचारावे लागेल, कारण त्यालाही घरी जावयाचे असते.